अक्का शहर बघायला गेल्या

४ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते शिकवायच्या आधीच माझी शाळा सुटली, तेव्हा माझा आशीर्वाद घे आणि पुढे वाच. मी पोचले. समुद्र ओलांडताना विमान पडलं नाही. शेजारच्या बाईने पट्टा लावून दिला, उतरताना सोडवून दिला, मधल्या वेळात मी झोपले. एवढ्यासाठी तू धड जेवत नव्हतीस!

भिंगरी घ्यायला आली होती. आपली नात, पण मी तिला ओळखलंच नाही बघ. वाळलीय, काळवंडलीय, पण डोळे असे चमकतायत, नव्या बटणासारखे. पाठीवर सॅक, तिच्याहून मोठी. मला बघून गळ्यात पडली आणि पहिलं काय बोलली? "आजी, ही ट्रंक कशाला आणलीस? जिने चढायचेत." मग ती ट्रंक तिनेच डोक्यावर घेऊन चढवली आणि मी मागून तिची सॅक ढकलत चढले. जिन्यात लोक बाजूला होऊन बघत होते. बघू देत, फुकट आहे.

ती राहते ते गेस्ट हाऊस म्हणजे सॅकवाल्यांची धर्मशाळाच. एका खोलीत पलंगावर पलंग, वरच्याने पाय खाली सोडला की खालच्याच्या नाकावर. माझ्या वर एक परदेशी पोरगी झोपते, इतकी उंच की तिचे पाय पलंगाबाहेर वाऱ्यावर. मी तिचं नाव उंटीण ठेवलंय. तोंडावरसुद्धा म्हणते, तिला कुठे कळतंय, गोड हसते. सगळी तरणीताठी पोरं गं, शिकलेली, आणि एकाच्या अंगावर घडीचा कपडा नाही! सगळं कसं गाठोड्यातून आत्ताच ओढून काढल्यासारखं. पहिल्या दिवशी माझा हात नुसता शिवशिवत होता.

फोन आहे तर पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, फोन भिंगरीचा, तो हातात धरून ती शेजारी उभी. आणि बोलायचंय ते तिच्याबद्दलच. तुलाही फोनवर धड ऐकू येत नाही, नुसतं हो हो करतेस. तेव्हा पत्रच बरं. दहा दिवसांनी का होईना, पोचेल तरी.

तर आपलं काम माझ्या ध्यानात आहे. आपली जुनी इमारत पाडणार, मार्च संपायच्या आत घरमालकाला सांगायचं की नव्या इमारतीत इस्त्रीच्या दुकानासाठी गाळा हवा की नको. भिंगरी येऊन दुकान हातात घेणार असेल तर गाळा घ्यायचा, नाहीतर आपण दोघी जावांनी इतकी वर्षं चालवलेल्या दुकानाला रामराम. माझे गुडघे आणि तुझं मनगट, यांच्या भरवशावर काय गाळे घेणार आपण? विचारीन मी तिला. पण तुला मी सांगायला हवं का, रेशमावर तापलेली इस्त्री एकदम टेकवायची नसते. आधी जरा निवू दे.

तुझ्या मनगटाला पट्टी बांधतेस ना? बांध.

तुझी,
अक्का

१५ फेब्रुवारी

अक्का,

पत्र मिळालं. दोन्ही बाजूंनी भरून लिहिलंत. विचारलं की नाही ते कुठल्याच बाजूला सापडलं नाही.

इकडे सगळं ठीक. मास्तरीणबाई तुमची चौकशी करतात. म्हणतात, अक्का नाहीत तर दुकानात कसं शांत शांत वाटतं. मी म्हटलं, हो, वाटतं. बँकेतल्या साहेबांचे शर्ट आता मीच करते. तुम्ही म्हणायचात ना, ते माझ्याशिवाय कुणाच्या हातचे घालत नाहीत? घालतात.

घरमालक परवा येऊन गेला. इमारतीला शिडी लावून मापं घेतायत. तो म्हणाला, काकू, काय ते वेळेत सांगा, माझ्याकडे दुसरे लोक रांगेत आहेत. बोलता बोलता नव्या इमारतीकडे चला म्हणाला, म्हणून सहज बघून आले. कोपऱ्यातला गाळा आहे, त्याला खिडकी आहे. नळ आतच.

मनगट बरं आहे. विचारा.

तुमची,
धाकटी

२६ फेब्रुवारी

धाकटे,

आधी बसून घे. हे उभ्याने वाचायचं पत्र नाही, आणि वाचताना हातात इस्त्री धरू नकोस, शर्ट जाळशील.

भिंगरी घरी सांगते ना, "मी हॉटेलात काम करते"? माझ्या लेकाच्या डोळ्यासमोर टेबल, खुर्ची, फोन. अगं, ती इथे चादरी धुते! सकाळी अर्धा दिवस सगळ्या पलंगांच्या चादरी काढायच्या, धुवायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या, घड्या करायच्या, आणि त्याबदली पलंग फुकट. मी गच्चीवर गेले तर ही दातात चिमटा धरून उभी. मला बघून चिमटा पडला तोंडातून. मी म्हटलं, "कॉलेजात जाऊन हेच शिकलीस का?" तर म्हणते कशी, "नाही आजी, हे मी दुकानात टेबलाखाली बसून शिकले." मी चादरीचं दुसरं टोक धरलं. घडी छान घालते हं, कोपरे बरोबर जुळवते. लेकाला यातलं अक्षर कळवू नकोस.

बरं, ती चादरी करणार आणि मी काय पलंगावर बसून माश्या मारू? मी म्हटलं, इस्त्री आण. आणली, खेळण्यासारखी हलकी. त्या सगळ्या गबाळ्या पोरांचे शर्ट करून टाकले. पोरं आरशात बघतायत, पुन्हा बघतायत, एकाने तर आईला फोटो पाठवला म्हणे. माझी मान अशी ताठ झाली. आणि तिथेच घोटाळा झाला.

उंटिणीचा एक झगा दोरीवर होता. निळा, सुंदर कापड, पण चुण्या चुण्या आणि नुसत्या चुण्या. मला वाटलं, काय हाल केलेत पोरीने याचे, कधी इस्त्री बघितलीच नसेल बिचाऱ्याने. मी घेतला टेबलावर. पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली. जितकी फिरवावी तितका तो रुंद होत गेला! मी म्हणते, हा संपतो कुठे? शेवटी टेबलावरून दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळायला लागला, तिघी आत मावल्या असत्या. पण एक चुणी शिल्लक ठेवली नाही. घडी घालून तिच्या उशाशी ठेवला आणि शाबासकीची वाट बघत बसले.

उंटीण आली. झगा उघडला, उघडला, उघडतच गेली. आणि रडायलाच लागली गं.

भिंगरी धावत आली. मला म्हणाली, "आजी, हा चुरगळलेलाच विकत मिळतो."

"चुरगळलेला? विकत?"

"हो. त्या चुण्या मुद्दाम घातलेल्या असतात."

"कुणी घातलेल्या?"

"कारखान्यात."

म्हणजे बघ, आपण जन्मभर ज्याच्याशी भांडलो ते लोक कारखान्यात करतात! मला आधी हसू फुटलं, मग त्या पोरीचं तोंड बघून ते आवरलं. तिच्या आईने दिलेला झगा होता तो. म्हटलं, थांब, रडू नकोस, काढता येतं तसं घालताही येत असेल. झगा भिजवला. एक टोक उंटिणीच्या हातात, एक भिंगरीच्या, मधल्या वाटेत दोघी उभ्या, आणि पीळ द्यायला लागल्या. पीळ इतका बसला की झग्याचा दोर झाला, मग त्याचा आपोआप गोळा झाला. तो फडक्यात घट्ट बांधून गच्चीवर उन्हात टाकला. दोन दिवसांनी सोडला तर काय, चुण्या परत! एका बाजूला जरा जास्तच झाल्यात, पण उंटीण म्हणते ती बाजू तिला जास्त आवडते. खोटं बोलत असेल, पण चांगलं बोलते.

तर पीळ देता देता भिंगरीला मी सहज विचारलं, "मग आता पुढे काय?" गाळ्याचंच विचारायचं होतं गं, तिथूनच सुरुवात केली होती. तर ती पीळ देत देत सांगायला लागली, आता बोटीने बेटांकडे जायचं, तिथे एका शाळेत शिकवायचं, मग डोंगरात, मग आणखी पुढे. बोटीचं तिकीट काढून ठेवलंय. बोलत होती आणि हाताचा पीळ विसरली, झगा सुटून माझ्या तोंडावर आपटला. सांग, अशा वेळी कसं विचारू?

विचारते. अजून दिवस आहेत. तू एकटी राबतेयस याचंच मला वाईट वाटतं. बँकेतल्या साहेबांना म्हणावं अक्का विचारत होत्या.

तुझी,
अक्का

८ मार्च

अक्का,

झग्याचं वाचून हसले. शेजारच्या दुकानातला शिंपी कात्री घेऊन विचारायला आला काय झालं म्हणून, त्यालाही वाचून दाखवलं.

पण तुम्ही तिथे चुण्या घालताय आणि इथे घरमालक पायरीवर येऊन बसतोय. वरचं बिऱ्हाड गेलं. जिन्यात दिवा नाही. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर, तो एक दिवस पुढे सरकणार नाही.

विचारायचं तर विचारा. विचारवत नसेल तर त्याचंही मला काही नाही. मी माझं बघते.

तुमची,
धाकटी

२० मार्च

धाकटे,

"मी माझं बघते" म्हणालीस ते मला लागलं. रुसलीस ना? तुझं रुसणं मला कागदावरूनही दिसतं, अक्षरं कशी भिंतीला टेकून उभी राहतात. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. यात सगळं आहे. आधी शहर आहे, मग ते.

परवा भिंगरीने चादरींना सुट्टी दिली आणि मला म्हणाली, "आजी, आज तुला शहर दाखवायचं. पण माझ्या पद्धतीने. गाडी नाही, रिक्षा नाही, पाय आणि पाठ." आणि माझ्या पाठीवर एक सॅक चढवली! छोटी, लाल. आत पाण्याची बाटली, टोपी, केळी, पाव. पायात तिचे बूट, मोजे घालून बरोबर बसले. मी पदर खोचला आणि निघाले. काचेच्या दुकानांसमोरून जाताना प्रत्येक काचेत स्वतःला बघत होते. कोण ही म्हातारी, कुठे निघाली एवढी तोऱ्यात! तू असतीस तर म्हणाली असतीस, अक्का, लोक हसतील. हसले ना. मीही हसले.

पहिल्यांदा एका मोठ्या रस्त्यावरच्या पुलावर नेलं. खाली कचेऱ्यांना जाणारी माणसं. धाकटे, माणसांचा पूर, आणि सगळे पांढऱ्या शर्टात! मी कठड्याला धरून उभीच राहिले. एकाची कॉलर पडलेली नाही, एकाची बाही दुमडलेली नाही. म्हटलं, यांची इस्त्री करतं तरी कोण? कुणीतरी पहाटेपासून उभं असेलच ना? भिंगरी म्हणाली, "आजी, आपण शहर बघायला आलोय की शर्ट?" म्हटलं, "तू शहर बघ, मी शर्ट बघते, संध्याकाळी एकमेकींना सांगू."

मग राजाचा वाडा. राजा नाही आता, वाडा आहे. सोनं, आरसे, छताला चित्रं, माना दुखल्या बघून. सगळे लोक सिंहासनापुढे फोटो काढत होते आणि मला एका काचेच्या कपाटात राजाचा अंगरखा दिसला. जरीचा, भारी. आणि बरोबर छातीवरून आडवी घडीची रेघ! राजा गेला, राज्य गेलं, घडीची रेघ तेवढी राहिली. मी पहारेकऱ्याला खुणेने सांगायला लागले, असा पालथा घाला, आत मऊ कापड भरा, वरून नुसती वाफ द्या. त्याला वाटलं मला तो घालून बघायचाय. तो मान हलवून नको नको करतोय, मी हो हो करतेय. भिंगरीने दंडाला धरून मला बाहेर काढलं.

नंतर उंच मनोरा. पाळण्यात बसवतात तसं एका खोलीत बसवलं, दार लागलं, कानात दडे बसले, दार उघडलं तर ढगात. खाली बघितलं आणि भिंगरीचा हात धरला. सगळं शहर पसरलेलं. जसं कुणी मोठं गाठोडं सोडून ओतलंय आणि अजून कुणी निवडायला बसलेलं नाही. भिंगरी बोटाने दाखवत होती, ही नदी, ते बंदर, तिथून माझी बोट सुटते. मी म्हटलं, "त्या पलीकडे काय आहे?"

"मला कुठे माहितीय?"

"मग जातेस कशाला?"

"म्हणूनच तर," म्हणाली.

मी कठड्याशी उभी राहून बराच वेळ तेच घोळवत होते. मी दुकानात आले तेव्हा मला सगळं माहीत होतं, टेबल कुठे, खुंटी कुठे, कुठल्या गिऱ्हाइकाला किती कडक लागतं. सासूबाईंनी इस्त्री हातात दिली आणि मी घेतली. वाईट काही झालं नाही. उलट दिवस सुखात गेले. पण माझ्यापुढे असं धूसर काही नव्हतंच कधी, जिकडे बोट करून म्हणावं, मला माहीत नाही. ही पोर ते दाखवत होती आणि चेहरा कसा तर घास भरवायला निघाल्यासारखा.

दुपारी नदीच्या पायऱ्यांवर बसून केळी आणि पाव खाल्ला. मग मला म्हणाली, "आता डोळे मीट. तुझ्यासाठी खास ठेवलंय." हाताला धरून कुठून कुठून नेलं. आधी वास आला. धाकटे, तो वास मी मेल्यावरही ओळखीन, ओल्या कापडावर तापलेली इस्त्री टेकल्याचा! डोळे उघडले तर केवढं मोठं धुलाईघर. गेस्ट हाऊसचे पडदे इथे येतात म्हणून तिची ओळख. एक बाहुला असतो, डोकं नाही, हात नाहीत. त्याला ओला शर्ट चढवायचा, बटण दाबायचं, बाहुला फुगतो, फुस्स करून वाफ येते, संपलं. शर्ट तयार! तिथल्या बाईने मला बटण दाबू दिलं. मी दाबलं, बाहुल्याने अशी छाती काढली की मला घरमालकाचीच आठवण झाली. मी हसतेय, ती बाई हसतेय, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मला कुणी दिवसभर तिथेच ठेवलं असतं तरी मी शहर बघितलं म्हटलं असतं.

आणि भिंगरी मागून म्हणाली, "आजी, असा एक आपल्या नव्या गाळ्यात बसेल."

माझं बोट बटणावरच राहिलं. म्हटलं, "कुठल्या गाळ्यात?"

"बाबांनी मला सगळं सांगितलंय गं. तू यायच्या आधीच. मी रोज वाट बघतेय, आज विचारेल, उद्या विचारेल. तू आपली लोकांचे झगे इस्त्री करत बसलीस."

ती टेबलावरचा एक टॉवेल उचलून घडी घालायला लागली. घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाली, "येते मी. खरंच. बोटीचं तिकीट रद्द करता येतं. तुम्ही दोघी किती दिवस उभ्या राहणार?"

धाकटे, तुला तो आवाज सांगते, तुलाच कळेल. शर्ट आपल्या हातून करपला आणि गिऱ्हाईक भलं असलं, म्हणजे ते काय म्हणतं? "असू द्या हो, जुनाच होता." आपल्याला माहीत असतं जुना नव्हता. त्यालाही माहीत असतं. त्या आवाजात म्हणाली ती, "येते मी."

मी इथे यायला निघाले तेव्हापासून हे एवढंच ऐकायला आले होते. आणि ऐकलं, आणि माझ्या तोंडून काय निघालं? "कुठला गाळा घेऊन बसलीस? आम्ही केव्हाच नको म्हणून कळवून टाकलं. थकलो आता. तुझ्या बापाला काही पत्ता नसतो."

माझ्याकडे बघत राहिली. "धाकटी आजी काय म्हणाली?"

"ती? ती तर म्हणाली, सुटले एकदाची."

इतकं सरळ तोंड करून बोलले की माझाच माझ्यावर विश्वास बसला. तिने तो टॉवेल ठेवला. आणि परत येताना होडीत जी बोलत सुटली ती थांबेना, बेटावरची शाळा, तिथली पोरं, तिथे म्हणे वीजच नाही, तुला कोळशाची इस्त्री पाठवते म्हटलं तर खो खो हसली. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली, दोघींच्या सॅक मांडीवर. मी नदी बघत होते. खूप सुंदर होती, आणि मला सारखं वाटत होतं, मी इथे बसल्या बसल्या तिकडचं शटर ओढून घेतलं.

तर हे असं आहे. तुला न विचारता केलं. आता घरमालकाला नको म्हणून सांग. रागावशील. रागाव. पण थोड्या दिवसांनी तुझं मनगटच तुला म्हणेल, बरं केलं अक्काने.

तुझी,
अक्का

३१ मार्च

अक्का,

सुटले एकदाची, असं मी कधी म्हणाले?

मागचं पत्र मी पेटीत टाकलं आणि तशीच घरमालकाकडे गेले. गाळा घेतला. तुम्ही त्या बाहुल्यासमोर नको म्हणत होतात तेव्हा इकडे हो म्हणून झालं होतं. मोठा नाही घेतला, कोपऱ्यातला, खिडकीवाला. अर्ध्यात शिंपी, अर्ध्यात मी. त्याचंही दुकान जात होतं. तो शिवेल, मी इस्त्री करीन. चादरी आणि पडदे घेणार नाही, मनगटाला झेपत नाहीत. शर्ट आणि साड्या. मास्तरीणबाईंना सांगून झालं. बँकेतल्या साहेबांनाही.

तुम्ही भिंगरीला विचारायला समुद्र ओलांडून गेलात. तिला विचारवेना म्हणून तुमचा जीव अर्धा झाला. लेकाशी बोललात, घरमालकाशी बोललात. मी टेबलाच्या पलीकडे उभी होते, अक्का. हात लांब केला असता तर लागले असते.

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही बोललीस? तुमच्यासमोर कुणाला बोलायला मिळालंय कधी! तुम्ही श्वास घ्यायला थांबता तेव्हा नेमकं गिऱ्हाईक येतं. पत्राचं एक बरं आहे, तुम्हाला मधे तोंड घालता येत नाही. मी खिडकीचं लिहिलं, नळाचं लिहिलं. तुम्हाला माझं मनगटच तेवढं दिसलं.

भिंगरीला जाऊ दिलंत ते मात्र चांगलं केलंत. मीही तेच केलं असतं. फक्त माझ्या नावावर खोटं बोलले नसते.

राग आहे. तुम्ही आलात की सावकाश काढीन.

एक सांगून ठेवते. नव्या जागेत दाराकडे मी उभी राहणार. लग्न होऊन आले तेव्हापासून भिंतीकडे आहे. वारा तुम्हाला, गिऱ्हाईक तुम्हाला, रस्त्यावर कोण कुठे चाललंय ते तुम्ही बघायचं आणि मला सांगायचं. आता मी बघीन आणि तुम्हाला सांगीन. भिंतीकडची जागा मोकळी आहे. यायचं असेल तर या. नसेल तर कळवा, शिंपी त्याचा पुतळा तिथे ठेवतो म्हणतोय.

तुमची,
धाकटी

११ एप्रिल

धाकटे,

वाचलं. कानशिलं तापली. मग गच्चीवर जाऊन पुन्हा वाचलं आणि तिथेच, ओल्या चादरींच्या मधे, हसत बसले एकटी. उंटीण वर आली, मला तसं बघून तीही हसायला लागली, कशाला ते माहीत नसताना. चांगली पोर आहे.

मग भिंगरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आजी, तू खोटं बोललीस."

म्हटलं, "मला काय माहीत होतं ती गाळा घेऊन बसलीय!"

"म्हणजे गाळा नको म्हटलंस तेही खोटं, आणि ती सुटले म्हणाली तेही खोटं?"

"अगं, झालं ना सगळं नीट?"

"तुझ्यामुळे नाही झालं," म्हणाली. आणि तुझं पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचत बसली. हसली, मग हसायची थांबली, मग त्या टेबलाच्या पलीकडच्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कळलं गं, कळलं." बापाचंसुद्धा असं कधी ऐकून घेतलं नव्हतं मी.

काल तिची बोट सुटली. बंदरावर मी रडणार नाही म्हटलं होतं, रडले. ती वरून हात करत होती, लांबून सॅकच तेवढी दिसत होती, माणूस दिसेना. मी परवा निघतेय. हे पत्र माझ्यानंतरच पोचायचं, पण लिहिलं नाही तर विमानात पोट दुखेल.

तर ऐक. पुतळा नको. मी येते. दार तुझं, मी हूं की चूं करणार नाही, केलं तर इस्त्री दाखव. इथे मी राजाचा वाडा बघितला, ढगातला मनोरा बघितला, वाफेचा बाहुला बघितला. आणि तुझ्या जागेवरून आपलं दुकान कसं दिसतं, एवढी वर्षं तू कायकाय बघत उभी होतीस, ते काही मी अजून बघितलेलं नाही. ते बघते आता. आणि तू रस्त्यावरचं सांगत जा. सगळं सांग, गाळू नकोस, मी मधे बोलणार नाही. बोलले तर थोडंच बोलेन.

फक्त पंखा कुठे लावलायस गं, दाराकडे का भिंतीकडे?

तुझी,
अक्का